खरकटं आणि पाचोळा

विद्यापीठाच्या आवारात कुजणारा कचरा दोन जागी तयार होतो. एक मेसच्या मागच्या दारी: ताटातलं खरकटं, पातेल्यात उरलेला भात, कोबीची पानं, कांद्याची सालं, करपलेल्या पोळ्या. दुसरा झाडांखाली: वड, पिंपळ, करंज, शिरीष, साग यांचा पाचोळा, छाटलेल्या फांद्या, पावसाळ्यात कापलेलं गवत. पहिला पिंपांत भरून पालिकेच्या गाडीत किंवा डुकरं पाळणाऱ्याच्या टेम्पोत चढतो. दुसरा झाडून कोपऱ्यात लोटला जातो आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी, कोणी पाहत नसताना, पेटवला जातो. पहिल्याची जबाबदारी रेक्टर आणि मेसच्या ठेकेदाराची, दुसऱ्याची उद्यान विभागाची. निविदा वेगळ्या, बिलं वेगळी, हजेरीपुस्तकं वेगळी. या प्रकरणाचं म्हणणं असं आहे, की आवारातले खतप्रकल्प बहुतेक वेळा याच फाळणीपायी फसतात. खरकट्याला पाचोळ्याची गरज असते, पाचोळ्याला खरकट्याची. आणि शहरातल्या कुठल्याही गृहसंस्थेला, हॉटेलाला किंवा मंडईला जे जमत नाही ते विद्यापीठाला जमू शकतं, कारण हे दोन्ही पदार्थ त्याच्या एकाच कुंपणाच्या आत पडतात.

आधी कायद्याचं बघू, ते लवकर आटोपतं. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनुसार दिवसाला सरासरी शंभर किलोंहून जास्त कचरा करणारी कुठलीही संस्था ‘मोठी कचरानिर्माती’ ठरली, आणि त्यांत विद्यापीठं, महाविद्यालयं, वसतिगृहं आली. अशा संस्थेने कचरा जागच्या जागी वेगळा करावा आणि कुजणारा कचरा शक्य तितका आपल्याच आवारात खत किंवा बायोगॅस करून जिरवावा, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली. मुंबई महापालिकेने २०१७ साली मोठ्या निर्मात्यांचा ओला कचरा उचलणं थांबवण्याची भूमिका घेतली तेव्हा शहरभर धावपळ झाली होती. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ज्या गावांच्या माथी मारला गेला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडवल्या. पाचोळा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात निकाल दिला. उघड्यावर कचरा जाळल्यास साध्या प्रकारात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. म्हणजे खरकटं बाहेर पाठवणं आणि पाचोळा जाळणं या दोन्ही गोष्टी कागदोपत्री बंद आहेत. तरी त्या चालू राहतात, कारण नियम काय करू नये ते सांगतात. ढीग कसा रचावा ते सांगत नाहीत.

ढिगाचं शास्त्र दोन आकड्यांवर उभं आहे. पहिला कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण. कुजवणाऱ्या जिवाणूंना शरीर बांधायला नत्र लागतो आणि ऊर्जेसाठी कर्ब. एका भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब असला, की त्यांचं काम वेगाने चालतं. दुसरा आकडा ओलाव्याचा: पन्नास ते साठ टक्के. त्याहून कमी असेल तर जिवाणू सुस्तावतात. जास्त असेल तर कणांमधल्या पोकळीत हवेऐवजी पाणी भरतं आणि ढीग आतून गुदमरतो. मेसचं खरकटं या दोन्ही कसोट्यांवर नापास होतं. त्याचं कर्ब-नत्र प्रमाण पंधराच्या आसपास आणि ओलावा सत्तर ते ऐंशी टक्के. पाचोळाही नापासच होतो, पण उलट्या बाजूने: प्रमाण चाळीस ते ऐंशी, आणि कडक वाळलेला असेल तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या आत-बाहेर. एकटं खरकटं सडतं, एकटा पाचोळा वर्ष वर्ष तसाच पडून राहतो.

आता हिशेब मांडू. शंभर किलो खरकटं घ्या, त्यातलं पाणी पंचाहत्तर किलो धरा. उरलेल्या पंचवीस किलो कोरड्या भागात पंचेचाळीस टक्के कर्ब म्हणजे सव्वाअकरा किलो, आणि तीन टक्के नत्र म्हणजे पाऊण किलो. पाचोळ्याचं कर्ब-नत्र प्रमाण साठ धरलं, तर मिश्रणाचं प्रमाण पंचवीसवर आणायला सुमारे एकोणतीस किलो कोरडा पाचोळा लागतो; त्याच्या अंगच्या थोड्या ओलाव्यासकट चौतीस किलो. मौज अशी, की एवढा पाचोळा घातल्यावर एकूण १३४ किलो मिश्रणात पाणी ऐंशी किलो होतं, म्हणजे बरोबर साठ टक्के. एकाच मापाने दोन्ही त्रुटी भरून निघतात. वजनाने तीनास एक असलेलं हे प्रमाण घनफळाने उलटं दिसतं, कारण पाचोळा फुसका असतो. एक घमेलं खरकट्यावर दोन-तीन घमेली पानं पडतात. खतप्रकल्पावर काम करणाऱ्याला हेच माप सांगायला हवं. घमेल्याचं माप पाळायला तराजू लागत नाही.

आणि इथेच बहुतेक आवारांची गाडी अडते. मेसचा ठेकेदार दिवसाआड दोन-तीनशे किलो खरकटं खड्ड्यात आणून टाकतो आणि पाचोळा मूठभर भुरभुरतो, नाहीतर टाकतच नाही. आठवड्यात काळं पाणी सुटतं, वास मारतो, माश्या घोंगावतात. मग बैठक होते आणि ‘आपल्याकडे कंपोस्ट होत नाही’ असा निष्कर्ष इतिवृत्तात नोंदला जातो. प्रत्यक्षात तिथे कंपोस्ट झालेलंच नसतं. झालेली असते हवेविना सडणूक. वास हा खताचा गुणधर्म नाही, हवा न मिळाल्याची खूण आहे. प्राणवायू संपला की वेगळ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात आणि आंबट आम्लं, हायड्रोजन सल्फाइड, मिथेन सोडतात. अमोनियाचा झणका आला तर नत्र जास्त झाला. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: आणखी पानं आणि ढीग पालटणं.

मिथेनचा मुद्दा आवारापुरता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा तो १९ टक्के हिस्सा होता. त्यात घरांचा वाटा साठ टक्के, आणि हॉटेलं, कँटीनं, मेस असल्या ठिकाणांचा अठ्ठावीस. कचराडेपोच्या उंच ढिगाऱ्यात हे अन्न हवेविना सडतं तेव्हा जो मिथेन निघतो, तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सत्तावीस पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. पानांत मिसळून हवेशीर कुजवलेलं तेच अन्न मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सोडतं. तो कार्बन काही महिन्यांपूर्वी पिकाने हवेतूनच घेतलेला असतो. वाईट रचलेला ढीग मात्र हा फायदा घालवून बसतो. खड्डा खणला म्हणून पर्यावरण वाचत नाही, खड्ड्यात हवा खेळली तर काही वाचतं.

हे ज्ञान आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही, निदान पुरतं तरी नाही. इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ढीग पालटून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. त्या कामावरचं १९३१चं पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या जोडीने लिहिलं. पुढे जग हॉवर्डांना ओळखत राहिलं आणि वाड मागे पडले. १९३९च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला चरांत थर देऊन, वरून मातीने लिंपून कुजवण्याची पद्धत मांडली. म्हणजे उच्च शिक्षणाच्या आवारात कचऱ्याचा अभ्यास करणं हा काही आजचा फॅशनेबल उद्योग नव्हे. तिसरं नाव आपल्या घरचं: यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप टाकी म्हणजे आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं बांधकाम, भिंतींत हवेसाठी ठेवलेली भोकं. चौदाशे-पंधराशे किलो पालापाचोळ्याला शेण लागतं जेमतेम शंभर किलो. शेण कमी असलेल्या शेतकऱ्यासाठी केलेली ही युक्ती विद्यापीठाला अगदी फिट बसते. विद्यापीठाकडेही शेण नसतं आणि पानं भरपूर असतात. इंदूर पद्धतीतून पालटणं घ्यावं, नाडेपमधून भोकांची भिंत घ्यावी आणि शेणाचं बरंचसं काम खरकट्यातल्या नत्राकडून करून घ्यावं. बंगळुरूची पद्धत मात्र आवारात नको. ती हवेविना चालते, तिला वेळ लागतो, आणि वसतिगृहाच्या शेजारी तिचा वास कोणी सहन करणार नाही.

‘पानं भरपूर’ हे मी सहज म्हटलं, पण ते तपासायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यावर टेकला आहे. हजार विद्यार्थ्यांची मेस धरा. सालं-देठांसकट दरडोई दिवसाला दोनशे ग्रॅम ओला कचरा मानला, तर दोनशे किलो होतात. हा आकडा गृहीत आहे, प्रत्येक मेसने आपला मोजावा. वर काढलेल्या प्रमाणाने रोज अडुसष्ट किलो पानं लागतील. वर्षात अडीचशे दिवस मेस चालते असं धरलं तर सतरा टन. पानझडी जंगलात एका हेक्टरवर वर्षाला साधारण पाच टनांच्या आसपास पालापाचोळा पडतो. म्हणजे साडेतीन हेक्टर, सुमारे नऊ एकर दाट झाडी असली की भागलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं आहे. कृषी विद्यापीठांकडे तर जमीन विचारूच नका. फोर्ट किंवा दादरच्या एखाद्या महाविद्यालयाला मात्र हे गणित लागू पडणार नाही, आणि त्याने खड्डा खणण्याचा आव आणू नये. त्याने सुतारकामाचा भुसा मिळतो का पाहावं, नाहीतर पालिकेच्या किंवा खासगी बायोगॅस प्रकल्पाशी करार करावा.

खरी अडचण पानांच्या प्रमाणाची नाही, पंचांगाची आहे. महाराष्ट्रात पानगळीचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल असतो. त्याच वेळी परीक्षा संपत येतात, मे महिन्यात वसतिगृहं रिकामी होतात. जूनमध्ये मुलं परततात, मेस भरते, आणि तेव्हा झाडं हिरवीगार असतात. जमिनीवर पडलेलं जे काही असेल ते भिजून चिकटलेलं. ज्या महिन्यांत खरकटं सर्वांत जास्त आणि हवा सर्वांत दमट, त्याच महिन्यांत कोरडं पान दुर्मीळ. म्हणून आवारातल्या खतप्रकल्पाची सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे पानांचं कोठार: पत्र्याचं छप्पर, जाळीच्या भिंती, जमिनीपासून उंच ओटा. सतरा टन सुटी पानं दोनशे घनमीटरांहून जास्त जागा खातात. यंत्रातून भरडली तर त्याच्या निम्म्याहून कमी, आणि भरडलेलं पान लवकर कुजतंही. ज्या वर्षी फेब्रुवारीत कोणी कोठार भरत नाही, त्या वर्षी ऑगस्टमध्ये खड्डा नासतो. उद्यान विभागाच्या वार्षिक कामांच्या यादीत ही एक ओळ नसेल, तर कितीही महागडं यंत्र आणलं तरी उपयोग नाही. कोठाराला आग लागू नये म्हणून जवळ पाणी आणि वाळू ठेवावी लागते हेही सांगून ठेवतो, कारण कोरड्या पानांचा एवढा साठा एप्रिलच्या उन्हात निष्पाप नसतो.

यंत्रांविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण प्रशासनाला यंत्र आवडतं. त्याची निविदा काढता येते, उद्घाटन करता येतं, मूल्यांकन समितीला दाखवता येतं. बाजारात ‘चोवीस तासांत खत’ देणारी यंत्रं मिळतात. त्यांतली बरीचशी खरकटं तापवून, ढवळून सुकवतात. शंभर किलो खरकट्यातून सत्तर किलो पाणी उडवायचं तर पाणी तापवायची आणि वाफ करायची ऊर्जा मिळून निदान पन्नास युनिट वीज लागते. हे पदार्थविज्ञानाचं भाडं आहे, कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. युनिटला दहा रुपये धरले तर पाचशे रुपये, तेही यंत्रात काहीच वाया जात नाही असं मानून. एवढं करून हाती येतो तो वाळलेल्या अन्नाचा भुगा. तो ओला झाला की पुन्हा आंबायला लागतो. झाडाच्या मुळाशी टाकला तर कुजताना मातीतला प्राणवायू ओढून घेतो. चांगल्या रचलेल्या ढिगात हेच पाणी जिवाणूंच्या उष्णतेने फुकट उडतं. ढीग साठ अंशांवर सहज जातो. अमेरिकेच्या नियमांत ओळीने रचलेल्या ढिगासाठी पंचावन्न अंश पंधरा दिवस आणि त्या काळात पाच वेळा पालटणी अशी अट आहे. एवढ्याने रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. सगळी यंत्रं वाईट असं नाही. खरकटं आणि भुसा एकजीव करून देणारं, आणि पुढची पंधरा-वीस दिवसांची मुरवण क्रेटमध्ये करायला लावणारं यंत्र मिसळण्याचं कष्टाचं काम वाचवतं. ते प्रामाणिक यंत्र म्हणता येईल. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाने २००९ साली बंदिस्त पात्रातला मोठा खतप्रकल्प सुरू केला आणि २०१२मध्ये वाढवला. तिथेही भोजनगृहांतल्या खरकट्यात लाकडाचा चुरा मिसळावाच लागतो. थंड प्रदेशात बंदिस्त पात्राला अर्थ आहे, हिवाळ्यात उघडा ढीग मंदावतो. सोलापूर-नांदेडच्या उन्हात तो खर्च कशासाठी, हा प्रश्न खरेदी समितीत कोणीतरी विचारायला हवा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आचाऱ्यांकडून येतो: आपलं जेवण तेलकट, तिखट, खारट, त्याचं खत झाडाला बाधेल. तिखटाची भीती निराधार आहे, मिरचीचं तिखट कुजताना विघटित होतं. तेलही विघटित होतं, फक्त एका ठिकाणी साचलं तर हवा अडवतं. म्हणून रस्सा आणि तळणाचं तेल गाळून वेगळं ठेवावं. मिठाचा आक्षेप मात्र खरा आहे, कारण मीठ कुजत नाही. शिजवलेल्या अन्नात एक टक्का मीठ आणि निम्मा कचरा कच्च्या सालींचा असं धरलं, तर शंभर किलोंमागे अर्धा किलो मीठ ढिगात जातं. त्यातून शेवटी पंचेचाळीस किलोंच्या आसपास खत उरतं, म्हणजे त्यात एक टक्क्याहून थोडं जास्त मीठ. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची विद्युतवाहकता चारपेक्षा जास्त नसावी अशी मर्यादा आहे, ती ओलांडली जाणं सहज शक्य आहे. त्यावर इलाज म्हणजे असं खत कुंडीत किंवा रोपवाटिकेत न वापरता झाडांच्या आळ्यात, हिरवळीवर, पावसाळ्याच्या तोंडी घालणं. चौरस मीटरला दोन किलो खत पसरलं तर मीठ वीस-बावीस ग्रॅम पडतं, आणि निचऱ्याच्या जमिनीतून पाऊस ते धुऊन नेतो. वाहकता मोजायचं उपकरण रसायनशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत असतं. खताच्या दर घाण्याची तपासणी हा पदवीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प होऊ शकतो. हजार मुलांच्या मेसमधून वर्षाला होणारं बावीस टन खत याच दराने पावणेतीन एकरांत जिरतं. तेव्हा ‘विकणार कोणाला?’ हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खत कशाला, गॅस का नको? अन्न हे बायोगॅससाठी उत्तम खाद्य आहे, शेणापेक्षा कितीतरी सरस. पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरगुती टाकी केली, भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ विकसित केलं. दोन्ही कामं महाराष्ट्रातली. दोनशे किलो खरकट्यातून वीस घनमीटरांच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे आठ-नऊ किलो एलपीजीची बचत. पैशाच्या भाषेत गॅस खताला हरवतो, हे मान्य करायला हवं. पण संयंत्राला नेम लागतो. मे महिन्यात त्याची उपासमार, गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात एकदम तिप्पट भरती. जास्त पडलं की टाकी आम्लते आणि गॅस बंद होतो. शिवाय टाकी पानं पचवत नाही, पानांतलं लिग्निन तिच्या आवाक्याबाहेरचं. म्हणजे पाचोळ्याचा प्रश्न उभाच राहतो आणि वर स्लरीचा प्रश्न येतो. ज्या मोठ्या मेसकडे रोज तीन-चारशे किलो खरकटं आहे आणि संयंत्र सांभाळायला पगारी तंत्रज्ञ आहे, तिने गॅस करावा आणि नत्राने भरलेली स्लरी पानांच्या ढिगावर सोडावी. उरलेल्यांनी ढीगच करावा. ढीग चुका सोसतो. आठवडाभर दुर्लक्ष झालं तरी पालटून सावरता येतो.

डुकरांना का घालू नये, असंही विचारतात. अन्नाचं खाद्य होणं खत होण्यापेक्षा सरस, यात शंका नाही. पण भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हरची पहिली नोंद २०२० साली ईशान्येत झाली, आणि न उकळलेलं खरकटं हा त्या रोगाच्या फैलावाचा एक मार्ग आहे. उकळून घालण्याची खात्री असेल तर द्यावं. टेम्पोवाल्याला न विचारता पिंप हवाली करणं म्हणजे जबाबदारी कुंपणाबाहेर ढकलणं.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो एका विद्यापीठातूनच आला. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डॅनयी ची आणि ब्रायन रो यांनी २०१७ साली एका भोजन-प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेवणाऱ्यांपैकी काहींना अन्न वाया घालवण्याच्या दुष्परिणामांची माहिती दिली, काहींना दिली नाही. काहींना सांगितलं की उष्टं कचराडेपोत जाईल, काहींना सांगितलं की त्याचं खत होईल. माहिती मिळालेल्यांनी ताटात कमी टाकलं. पण उष्ट्याचं खत होणार आहे असं ज्यांना कळलं, त्यांच्यावर त्या माहितीचा परिणाम जवळपास पुसला गेला. म्हणजे खतप्रकल्पाचा फलक ताट टाकून देण्याची मुभा देतो. या आक्षेपाला मी हलकं लेखणार नाही, कारण आकड्यांचा कौलही त्याच बाजूने आहे. एक किलो भात पिकवायला, वाहून आणायला, शिजवायला गेलेलं पाणी, डिझेल आणि गॅस पाहता त्यातून मिळणारं अर्ध्या किलोहून कमी खत ही किरकोळ वसुली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३मध्ये सुधारलेल्या क्रमवारीतही अन्न वाया न घालवणं, दान करणं, जनावरांना घालणं हे सगळं खताच्या वरच आहे.

यातून निघणारा निष्कर्ष मात्र ‘खत करू नका’ असा नाही. खताचा फलक जेवणघरात लावू नका, असा आहे. जेवणघरात वजनकाटा लावा. दर जेवणाला ताटातलं उष्टं, पातेल्यातलं उरलेलं आणि स्वयंपाकातली सालं-देठं वेगवेगळी मोजली, तर दोष कोणाचा ते दोन आठवड्यांत कळतं. पातेल्यातलं उरत असेल तर मुलांना उपदेश करून उपयोग नाही, अंदाज चुकतो आहे. जेवायला न येणाऱ्यांची आगाऊ नोंद घ्यायला हवी आणि त्या दिवसाचे पैसे वळते करायला हवेत. उष्टं विशिष्ट भाजीच्या दिवशीच वाढत असेल, तर ती भाजी बदलायला हवी. सालं-देठं मात्र टळत नाहीत, आणि खड्ड्याचा हक्क खरं तर तेवढ्यावरच आहे.

राहिला प्रश्न हाताचा. खरकट्यातून दुधाच्या पिशव्या, सॉसच्या पुड्या, कागदी कप वेचून काढणं, ढीग पालटणं, मुठीत दाबून वाफसा पाहणं हे काम कोणीतरी रोज करतं, आणि बहुतेक आवारांत ती कंत्राटी सफाई कामगार बाई असते. तिच्या कामाच्या यादीत ‘खत’ हा शब्द नसतो. वेळ आणि पैसा वाढवून न देता ते काम तिच्या अंगावर ढकललं जातं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाच्या कामातून, आणि त्याच वाटेने २००८मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. विद्यापीठ आणि कचरा यांच्या नात्यातलं हे महाराष्ट्रातलं सर्वांत मोलाचं काम, आणि त्याची सुरुवात खड्ड्यापासून नाही, माणसांपासून झाली. खतप्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दोन प्रशिक्षित माणसांचा पूर्ण पगार, हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची लस आणि हात धुवायला नळ एवढं आधी लिहावं, बांधकाम मागाहून. हजार मुलांच्या मेसला डझनभर नाडेप टाक्या पुरतात, जागा दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी. विटांचा खर्च एकदाच, पगार दरमहा.

शेवटी एक शंका उरते. वजनकाट्याने काम केलं आणि उष्टं खरोखरच निम्म्यावर आलं, तर पानांना नत्र कुठून मिळणार? कोठार भरलेलं आणि ढीग उपाशी, अशी पाळी येईल. त्याचं उत्तर पावसाळ्यात आवारभर वाढतं. जुलै-ऑगस्टमध्ये कापलेल्या ओल्या गवताचं कर्ब-नत्र प्रमाण खरकट्याच्या जवळपासच असतं, त्यात मीठ नसतं, आणि उद्यान विभाग ते आजही ट्रॉलीत भरून कुठेतरी फेकतोच.